काही न्हाई, ढिलं झालं होतं

अण्णा, कार्डांचे नंबर तुम्ही बदलले होते, हे मी आता सगळ्यांना सांगून टाकलंय. कंधारच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, नवी मशीनं विकायला आलेल्या माणसाला तोंडावर सांगितलं, आणि दूर देशात बसलेल्या, कधी न बघितलेल्या एका बाप्याला लेखी कळवलं. तुम्ही असता तर महिनाभर माझ्याशी बोलला नसतात. नका बोलू. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, बोलणं तसंही बंदच आहे. आता मी बोलते, तुम्ही ऐका.

तुमचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. जुन्या मोंढ्यामागची ती अरुंद खोली, भिंतीला टेकवलेल्या टीव्हीच्या पाठी, सोल्डरिंगचा धूर, आणि वर टांगलेल्या तारेला कपडे वाळत घालावेत तशी लटकवलेली वायर. मी नववीत आहे. शाळा सुटली की काउंटरवर बसून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लिहिते. माणूस येतो, रेडिओ लावून बघतो, खूश होतो आणि विचारतो, "मिस्त्री, काय झालं होतं हो?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "काही न्हाई, ढिलं झालं होतं." आतलं अर्धं पोट जळून गेलेलं असो, तुम्ही दोन दिवस जेवण विसरून बसलेले असा, उत्तर तेच. नांदेड जिल्ह्यातले सगळे रेडिओ फक्त ढिले होत होते, दुसरं काही होतच नव्हतं. त्या वर्षी उमरीचे एक गुरुजी आले होते. त्यांच्या रेडिओचा पार्ट बाजारात मिळत नव्हता, म्हणून तुम्ही दुसऱ्या कंपनीचा घेतलात, आतली पट्टी कानशीनं घासलीत आणि असा बसवलात की जन्मतः तिथंच असावा. मला इतकं कौतुक वाटलं की राहवलं नाही. म्हटलं, "गुरुजी, तुमचा पार्ट मिळतच न्हाई. अण्णांनी दुसऱ्याचा घासून बसवलाय!" गुरुजींचा चेहराच उतरला. "म्हणजे आता हा पहिल्यासारखा राहिला न्हाई म्हणा," असं म्हणत त्यांनी रेडिओ चार वेळा उलटा केला आणि गाणं चालू असताना कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले.

ते गेल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. नुसतं म्हणालात, "गिऱ्हाइकाला गाणं पाहिजे असतं, पोरी. पोटात काय हाय ते दाखवलं की त्याला गाणं ऐकूच येत न्हाई, नुसती खरखर ऐकू येते. ऊठ तिथून." महिनाभर मी काउंटरवर नव्हते. आईशेजारी बसून सकाळी न्याहारीला सुशीला करायचा म्हणून मुरमुरे भिजवायचे, संध्याकाळी ज्वारी निवडायची, आणि दुकानाच्या भिंतीपलीकडून तुमचा आवाज ऐकायचा, ढिलं झालं होतं, ढिलं झालं होतं. खरं बोलल्याची शिक्षा म्हणून मुरमुरे भिजवणारी मी एकटीच असेन ह्या जगात. आईला मी म्हणायचे, अण्णा लोकांना फसवतात. आई म्हणायची, "तोंड सांभाळ. तुझ्या बापानं उभ्या जन्मात कुणाला फसवलं न्हाई." ती हे अजूनही म्हणते, त्याच सुरात.

एक मात्र तुम्ही करायचात. मागचं झाकण लावायच्या आधी कानावरची पेन्सिल काढून आतल्या लाकडावर बारीक अक्षरात तारीख लिहायचात आणि काय काढलं, काय घातलं तेही. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "हे पुढच्या मिस्त्रीसाठी." म्हणजे गिऱ्हाइकाला एक आणि मिस्त्रीला दुसरं. मला तेव्हा तो दुटप्पीपणा वाटला होता. अजूनही थोडा वाटतो, तुम्हाला आवडो न आवडो.

पुढं रेडिओ संपले आणि तुम्ही पन्नाशीत कॉम्प्युटर शिकलात, कुणाच्या तरी जुन्या पुस्तकावरून, पानांवर पेन्सिलीनं खुणा करत. मी तेव्हा लातूरला डिप्लोमाला निघाले होते. बस स्टँडवर तुम्ही खिशातून तपकिरीची डबी काढून माझ्या हातात दिलीत. आत तुमचं भिंग होतं, घड्याळवाले डोळ्याला लावतात ते. "आधी डोळ्याला लाव, मग बोल," एवढंच म्हणालात आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून चालायला लागलात. आज मी त्याच लातुरात एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, आणि ते भिंग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पोरं हसतात. हसू देत.

तर झालं असं. कंधारच्या त्या मुलींच्या शाळेत तुम्ही कॉम्प्युटरची वीस मशीनं बसवली होती. ती अजून चालू आहेत, आणि त्यांच्या अंगावर तुमचं स्टिकर आहे. त्यावरचा फोन नंबर अजून आपल्या घरचाच आहे, त्यामुळं काही बिघडलं की आई फोन उचलते आणि मला कळवते. दरवर्षी दोनदा मी लोह्याला गाडी बदलून कंधारला जाते, धूळ पुसते, काय हवं नको ते बघते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं तुम्हीच टाकलेल्या फुकटच्या सिस्टिमची नवी आवृत्ती टाकली, कारण मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म जुनीवर उघडायचे बंद झाले होते. वीसच्या वीस मशीनं मीच बदलली, छाती फुगवून परत आले. शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला, आधी घरी आईला, मग मला. "अहो, मुली फॉर्म भरून राहिल्या, आन मधीच नेट जातंय. मशीन बंद करून चालू केलं की येतंय, परत जातंय. एका एका पोरीनं तीन तीन डाव तोच फॉर्म भरला. काय करून ठेवलंत तुम्ही?" करून ठेवलेलं मीच होतं, त्यामुळं ऐकून घेतलं.

बाई पुढं म्हणाल्या की सगळं काढून नवी मशीनं घ्या असं सांगणारा एक माणूस शाळेत येऊन गेला. त्यानं एक मशीन उघडून बघितलं आणि म्हणाला, आतली नेटची कार्डं डुप्लिकेट आहेत, ज्यानं बसवली त्यानं शाळेला फसवलंय, आता त्या जागी बसणारी कार्डंही मिळत नाहीत, सगळा माल भंगारात घाला. पुढच्या शनिवारी तो परत येणार होता, संस्थेचे लोक बसणार होते आणि लॅब ठेवायची की बंद करायची ते ठरणार होतं. नवी मशीनं घ्यायची ऐपत शाळेची नाही, हे बाईंना माहीत होतं आणि मलाही. म्हणजे भंगार निघणार आणि खोली रिकामी राहणार. त्या मुलींना स्टँडवरच्या नेट कॅफेत कुणी घरचं पाठवत नाही. पण अण्णा, खोटं कशाला बोलू, माझ्या कानात शाळेपेक्षा दुसराच शब्द घुमत होता. फसवलंय. माझ्या वडिलांना म्हणाला तो. मी काय म्हणते ते वेगळं, मी मुलगी आहे. हा कोण टिकोजीराव?

एक कार्ड काढून मी लातूरला आणलं. मशीन चालू होतं तेव्हा ते कार्डाला विचारतं, तू कोण? कार्डावर एक बारकीशी मेमरी असते, तिच्यातला नंबर कार्ड सांगतं. तो नंबर बघून ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम ठरवतो की ह्याच्याशी कसं वागायचं. हे तुम्हाला माहीत आहे, फार चांगलं माहीत आहे, ते आता कळलं. नव्या ड्रायव्हरात एक सुधारणा केली होती. काही वेळ काम नसलं की वीज वाचवायला कार्डाला झोपवायचं, काम आलं की हाक मारून उठवायचं. त्याच नंबरचं दुसरं एक कार्ड माझ्या लॅबमध्ये होतं, ते शेजारी लावलं. ते झोपलं, हाक मारल्यावर उठलं. शाळेतलं झोपलं ते झोपलंच, हलवून हलवून उठेना. नंबर एक आणि वागणं दोन. मी चिपवरचं नाव बघायला गेले तर नावावर तुमचं स्टिकर. बरोबर नावावर, अण्णा. एवढ्या मोठ्या कार्डावर दुसरी जागा नव्हती का? नखानं सोलून काढलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि मग कळलं. ती चिप वेगळीच होती, त्याच कंपनीची धाकटी, स्वस्त बहीण. मेमरीतला नंबर मोठीचा होता. कारखान्यात असं होत नाही. कुणीतरी बसून लिहिलेला होता, आणि असं कोण लिहील हे मला विचारायला नको.

मला आठवलं मग. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, शनिवारी घरी आले होते. हैदराबादहून पोतंभर कार्डं आली होती आणि सिस्टिम त्यांना ओळखत नव्हती. तुम्ही तीन दिवस त्या पोत्याशेजारी बसून होता. रविवारी जेवताना मी विचारलं, "जमलं का?" तर भाकरी मोडत म्हणालात, "हाव, जमलं. ढिलं होतं." मला, अण्णा! मला म्हणालात ढिलं होतं! तोपर्यंत मी तीन वर्षं ह्याच गोष्टी शिकत होते. कार्डाचा नंबर बदलून त्याला मोठीचा ड्रायव्हर लावायचा, ही युक्ती मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती, आणि माझा बाप ती करून समोर भाकरी खात बसला होता. सांगितलं असतं तर मी नाचले असते.

आता दोन रस्ते होते. गुपचूप वीस मशीनांपुरता ड्रायव्हर बदलायचा, बाईंना म्हणायचं काही नव्हतं, आणि परत यायचं. तुमचा रस्ता. पण पुढच्या सुधारणेला ते पुसलं जाणार आणि पुन्हा तेच. शिवाय पोतंभर कार्डं एका शाळेत थोडीच गेली? निलंग्याला गेली असतील, उमरीला गेली असतील, कुठं कुठं कोण हलवून हलवून उठवत बसलं असेल. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. ही फुकटची सिस्टिम जगभरातली माणसं मिळून सांभाळतात, कुणीही बदल सुचवू शकतं. तो ड्रायव्हर दूर देशातल्या ज्या बाप्याच्या ताब्यात आहे त्याला लिहिलं की अशी अशी कार्डं आहेत, ह्यांना झोपवू नका, आणि सोबत बदल करून पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या बाप्याचं उत्तर आलं, अगदी सभ्य. असं कार्ड अस्तित्वात नाही. हा नंबर ज्या चिपचा आहे ती नीट उठते. तुमच्याकडचा माल खोटा आहे, बदलून घ्या. सरसकट सगळ्यांची झोप मी बंद करणार नाही, आणि खरं कुठलं, खोटं कुठलं हे ड्रायव्हरला ओळखता येणार नसेल तर विषय संपला.

अस्तित्वात नाही म्हणे. माझ्या टेबलावर दिवा लुकलुकवत बसलं होतं ते! मला असा संताप आला की समोरचा चहा तसाच राहिला. पण त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं, ओळखायचं कसं? भिंग कितीही लावलं तरी ड्रायव्हरला डोळे नसतात. मग मी त्या बारक्या मेमरीतलं सगळंच्या सगळं काढून कागदावर छापलं आणि एकेक ओळ वाचत बसले. वरचं सगळं नेहमीचं. खाली नुसती रिकामी जागा, शून्य, शून्य, शून्य. आणि अगदी तळाला, जिथं कुणी काही लिहीत नाही, तिथं चार आकडे आणि एक तारीख. ते चार आकडे म्हणजे धाकट्या चिपचा मूळचा नंबर. तारीख त्या शनिवारची असावी, किंवा आदल्या दिवशीची. कंधारला फोन करून बाईंकडून मशीनं चालू करवून घेतली, लातुरातून एकेक तपासलं. तारखा मागंपुढं, पण नंबर सगळ्यांत. झाकण लावायच्या आधी तुम्ही पेन्सिल चालवली होती.

मी रडले, हे लिहून टाकते, लपवत नाही. लॅबमधल्या पोरांना वाटलं कुणी गेलं. पण अण्णा, रडून झाल्यावर राग आला, तो अजून गेलेला नाही. पुढच्या मिस्त्रीसाठी लिहून ठेवायचं तुम्हाला बरोबर सुचलं. कार्डाच्या तळाला, शून्यांच्या खाली, जिथं चौदा-पंधरा वर्षांनी कुणी बघेल न बघेल तिथं. आणि तो मिस्त्री तुमच्या समोर बसून वरण ओरपत होता! एक वाक्य तोंडानं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मुलगी आहे म्हणून नाही सांगितलंत, की काउंटरवर तोंड उघडलं होतं म्हणून? हे मला कधीच कळणार नाही, आणि ह्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. भिंग दिलंत, पण काय बघायचं ते माझं मलाच शोधावं लागलं.

त्या बाप्याला मी परत लिहिलं. तुम्हाला आवडणार नाही, तरी ऐका. लिहिलं की हे नंबर नांदेडच्या एका रेडिओ मिस्त्रीनं बदलले, तो माझा बाप होता, तेव्हा तुमच्या सिस्टिमला ही चिप ओळखता येत नव्हती म्हणून बदलले, आणि तुमची सुधारणा येईपर्यंत ती एक दिवस बंद पडली नाहीत. खरा नंबर त्यानं मेमरीच्या तळाला लिहून ठेवलाय. ड्रायव्हरनं आधी तिथं बघावं, तिथं तो नंबर सापडला तर झोपवू नये, बास. उत्तर यायच्या आत शनिवार आला. नेलेलं कार्ड परत बसवून मी बदललेला ड्रायव्हर शाळेत टाकून ठेवला होता आणि सकाळपासून मुली फॉर्म भरत होत्या. तो विकायला आलेला माणूस संस्थेच्या लोकांसमोर पुन्हा तेच म्हणाला, "कार्डांचे नंबर खोटे हायत, साहेब. ह्याला फसवणूक म्हणतात." सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, शपथेवर सांगते. पण मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हाव, खोटे हायत. माझ्या वडिलांनी बदलले. का बदलले, कसे बदलले, सगळं सांगते, बसा." आणि पाऊण तास सांगितलं. तुमच्या कामाचं पोट उघडून दाखवलं, कानशीच्या खुणांसकट. तो म्हणाला, म्हणजे कबूल करताय. म्हटलं, कबूल काय, अभिमानानं सांगतेय. चूक एकच झाली त्यांची, बोलले नाहीत. तुमची मशीनं एवढी वर्षं चालवून दाखवा, मग मी तुमच्या गळ्यात हार घालते. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग त्यांनी नुसतं लॅबचं दार उघडलं. आत वीस मुली खाली मान घालून टाइप करत होत्या, कुणी वर बघितलंसुद्धा नाही. गाणं ऐकू येत होतं, अण्णा. पोट दाखवूनही ऐकू येत होतं. तुमचं ते वाक्य चुकीचं होतं.

लॅब राहिली. आठवड्यानं त्या बाप्याचंही उत्तर आलं, एका ओळीचं, बदल घेतला म्हणून. खाली त्यानं विचारलं होतं की तुमच्या वडिलांचं नाव टाकू का. मी कळवलं, मिस्त्री म्हणा, तेवढं पुरे. आता जगात कुठंही ती सिस्टिम टाकली की तो ड्रायव्हर कार्डाच्या तळाला जाऊन तुमची पेन्सिल बघून येतो. सगळ्यांना कळलंय. मी मुद्दाम कळवलंय.

फक्त एक राहिलं. परवा नांदेडला घरी गेले होते. आई कांदा चिरत होती. फोन तिनंच घेतला होता पहिल्यांदा, त्यामुळं तिला काळजी होती. तो माणूस काय काय बोलला त्यातलं थोडं तिच्या कानावर आलं असावं, कारण विचारताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "कंधारच्या मशीनांना काय झालं होतं गं? तुझ्या अण्णांचं काही चुकलं होतं का?" सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, पोतं, तीन दिवस, नंबर, स्टिकर. मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि राहिलेला कांदा चिरायला लागले. हे पत्र मी लातूरला ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे, भिंगाच्या डबीखाली. घरी ठेवलं तर तिच्या हाती लागेल.

मी तिला म्हणाले, "काही न्हाई आई, ढिलं झालं होतं."